दलदलीत लावलेली बारा रोपं

नेदरलँडला जाऊन आले म्हटलं की लोक दोनच गोष्टी विचारतात. ट्युलिप पाहिले का, आणि पवनचक्की पाहिली का. मी दोन्ही पाहिलं नाही. मार्चच्या सुरुवातीला ट्युलिप अजून जमिनीखाली असतात, आणि पवनचक्क्या गाडीतून दिसल्या त्या सगळ्या नव्या, विजेच्या. मी पाहिला तो चिखल. एका पायाने तर गुडघ्यापर्यंत पाहिला. परत आल्यापासून जो भेटेल त्याला त्या चिखलाचंच सांगत सुटलेय, तेव्हा आमचे हे म्हणाले, "एकदाचं लिहून टाक आणि लोकांना मोकळं कर." म्हणून हे.

आइंडहोव्हन, शुक्रवार

माझा मुलगा निखिल आइंडहोव्हनला चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कामात आहे. त्याच्या कॉलनीत निम्मे लोक पुण्याचे, त्यामुळे तिथे गेल्यावर परदेशी आल्यासारखं वाटायला दोन दिवस लागतात. सून माहेरी मुंबईला गेलेली, आणि नात इरा नऊ वर्षांची. इराला मराठी सगळं समजतं, पण उत्तर येतं ते डचमध्ये. मी म्हणायचे, "इरा, पोळी घे," की ती "नेय, आजी." नेय म्हणजे नाही, हे मी पहिल्याच जेवणात शिकले.

निखिलने माझ्यासाठी कार्यक्रम आखून ठेवला होता. एक दिवस हेगला जाऊन ट्राममधून फिरायचं, एक दिवस मास्ट्रिख्ट. मी म्हटलं, "मला शहरं नकोत रे. तुमच्याकडे झाडंबिडं काही आहेत की नाही?" तो जरा विचारात पडला आणि म्हणाला, "शनिवारी मी आणि इरा जंगलात कामाला जातो. स्वयंसेवक म्हणून. झाडांचंच काम आहे. येतेस?"

येतेस काय विचारतो! मी पुण्यात तेहतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आणि निवृत्त झाल्यापासून आमच्या टेकडीवर झाडं लावते. आमचा गट आहे. रोज सकाळी सहाला पाण्याचे कॅन घेऊन वर चढायचं, हा नेम. उन्हाळ्यात तर रोपामागे एक माणूस नेमलेला असतो. माझं खुरपं मी मोठ्या बॅगेत घालून नेदरलँडला नेलं होतं, आता बोला. निखिलने ते पाहून कपाळाला हात लावला होता. मी म्हटलं, "बघ, उपयोगाला आलं की नाही?"

त्याच दुपारी मोघ्यांचा मेसेज आला. मोघे आमच्या गटाचे चिटणीस. रोज एकच मेसेज : "बाई, नकाशा?"

हा नकाशा काय भानगड होती ते सांगायला हवं, कारण सगळा प्रवास मी तो उशाशी घेऊनच केला. सासवडच्या पुढे एका गावाने आमच्या गटाला माळ दिला होता. पाच टेकड्यांएवढा उघडा माळ, एक झाड नाही. रोपं द्यायला एक कंपनी तयार होती. सोमवारी जेसीबी खड्डे घ्यायला येणार होता, आणि कुठल्या रांगेत काय लावायचं तो नकाशा मी रविवारपर्यंत पाठवायचा होता. नकाशा तयार होता. माझ्या वहीत, स्केचपेनने, रांगा आखून. पण पाठवत नव्हते. मोघ्यांना वाटत होतं मी प्रवासाने दमलेय.

खरं कारण मुक्ता होती. मुक्ता माझी नववीतली विद्यार्थिनी, आता माळरानांचा अभ्यास करते, पीएच.डी. चाललीय. जानेवारीत आम्ही सगळे माळ बघायला गेलो तेव्हा ती आपणहून आली. म्हणाली, "बाई, इथे झाडं नका लावू. हा माळ ओसाड नाहीये. हे गवताचंच रान आहे." मला हाताला धरून तिने गवतात दबलेला एक गोल दाखवला, जेवणाच्या ताटाएवढा. म्हणाली, इथे भोवत्या झोपतो. भोवत्या म्हणजे शिकारी पक्षी, हिवाळ्यात लांब उत्तरेकडून येतो आणि झाडावर न बसता उघड्या गवतात जमिनीवर रात्र काढतो. पलीकडे खोकडाचं बीळ होतं, ताजी माती उकरलेली. मेंढरांच्या वाटा होत्या. तिथे एक पट्ट्यापट्ट्यांचं पीस पडलं होतं, ते मी उचलून चष्म्याच्या डबीत ठेवलं. सापडेल ते ठेवून द्यायचं ही शाळेतली खोड.

आणि मग मी सगळ्यांसमोर तिच्यावर भडकले. मला म्हणजे सहनच होईना. मी म्हटलं, "प्रकाशसंश्लेषण तुला मी शिकवलं, आणि तू मला सांगतेस झाडं लावू नका? दोन पाखरांसाठी? चार पुस्तकं वाचली म्हणून फार शहाणपणा आला का? बस खाली!"

माझ्या वर्गात एक रीत होती. ज्याचं चुकलं त्याने उभं राहायचं, काय चुकलं ते आपल्या शब्दांत सांगायचं, आणि मी 'बस' म्हटलं की बसायचं. 'बस' म्हटलं म्हणजे विषय संपला, पुन्हा कुणी काढायचा नाही. ती तिशीची बाई, पण माझं 'बस खाली' ऐकल्याबरोबर खरंच बसली. खडीवर, कुसळांत, वीस माणसांच्या देखत. बसल्यावर तिच्याच लक्षात आलं, उठली, कपडे झटकले आणि निघून गेली. आमच्यातले दोघं-तिघं हसले. मी पण हसले, हे आठवतं आणि अजून लाज वाटते.

पील, शनिवार सकाळी

आइंडहोव्हनच्या पूर्वेला गाडीने पाऊण तासावर पील नावाचा प्रदेश आहे. वाटेत सपाट शेतं, डुकरांचे लांबलचक गोठे, सरळ रेषेत गेलेले पाट. एक उंचवटा दिसेल तर शपथ. सह्याद्रीच्या माणसाला असल्या देशात जरा उघड्यावर पडल्यासारखं होतं. निखिलने मला त्याचे गमबूट दिले होते, आत दोन मोजे भरून. अंगावर पंजाबी ड्रेस, त्यावर सुनेचं जाकीट, डोक्याला माझी शाल. इरा म्हणाली, मी टीव्हीवरच्या चोरासारखी दिसते. हे मात्र तिने मराठीत सांगितलं.

पार्किंगपाशी दहा-बारा माणसं होती, बहुतेक माझ्याच वयाची. त्यांचा म्होरक्या टून. सत्तरीचा, निवृत्त सुतार, हात फळीसारखे. त्याने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "सुषमा!" बस, सुषमा. बाई नाही, मॅडम नाही, ताई नाही. तेहतीस वर्षांत मला आमच्या मुख्याध्यापकांनीसुद्धा नावाने हाक मारली नव्हती. इराही त्याला सरळ 'टून' म्हणत होती. मी तिला डोळे मोठे केले, तर ती म्हणाली, "आजी, त्याचं नावच टून आहे." त्याला इंग्रजी बेताचंच येत होतं, त्यामुळे दिवसभर दुभाष्याचं काम इराने केलं, तेही मराठीत. "तो म्हणतो" असं ती सांगायची आणि मी "ते म्हणतात" असं दुरुस्त करायची. दुपारपर्यंत दोघीही कंटाळलो आणि 'तो'वर तडजोड झाली.

कामाच्या जागी पोचायला एक रान ओलांडावं लागतं. त्या रानाचं वर्णन मला नीट करायचंय.

सगळी बर्चची झाडं. आपल्याकडे ज्याच्या सालीवर पोथ्या लिहायचे ते भूर्ज, त्याच्याच कुळातलं हे झाड. डच लोक त्याला बेर्क म्हणतात. पानं अजून फुटली नव्हती. पांढरट, बारीक खोडं, त्यांवर काळ्या आडव्या चिरा, आणि वरच्या काटक्यांना एक जांभळट झाक. एक झाड सरळ म्हणून उभं नाही. कुणी डावीकडे कललंय, कुणी शेजाऱ्याला टेकलंय, कुणी आडवं होऊन तिथूनच पुन्हा वर निघालंय. पडलेल्या खोडांवर पावाच्या तुकड्यांसारखी बुरशी. खाली जमीन अशी नाहीच. शेवाळ, शेवाळ, आणि त्या शेवाळाच्या उशांमधून पाणी, कोऱ्या चहाच्या रंगाचं. वाट म्हणजे पाण्यावर टाकलेल्या फळ्या, एका माणसापुरत्या. मध्ये मध्ये वाळल्या गवताचे बुचकेच्या बुचके. टूनने एका झुडपाची काडी चुरगाळून माझ्या नाकाशी धरली. तमालपत्र आणि निलगिरी एकत्र केल्यासारखा वास होता. कुठेतरी सुतारपक्षी ठोकत होता, बाकी आवाज नाही. मला पुण्यात इतकी शांतता शेवटची कधी मिळाली ते आठवेना.

टून फळीवर थांबला. त्याने सांगितलं की आपण ज्यावर उभे आहोत ती माती नव्हे, हजारो वर्षं न कुजता साठलेलं शेवाळ आहे. आपण बाल्कनीतल्या कुंड्यांना कोकोपीट घालतो ना, त्यातलं पीट ते हे. फक्त हे नारळाचं नव्हे, शेवाळाचं. पाणी इतकं आम्ल आणि इतकं साचलेलं की आत हवाच नाही, मग कुजणार कसं? मी लगेच विचारलं, लिटमस घातला तर लाल होईल का? हे टूनपर्यंत पोचवताना इराची पुरी दमछाक झाली, पण त्याने अंगठा वर केला. शिक्षिकेचं मन भरलं.

मग या सत्तरीच्या गृहस्थाने काय करावं? फळीवरून खाली उतरून, शेवाळाच्या एका जाड गादीवर दोन्ही पायांनी उडी मारली. धप्प! आणि चार हातांवरचं बर्चचं झाड शेंड्यापर्यंत हललं. इरा किंचाळली आणि तीही उतरली. दोघं उड्या मारताहेत आणि आजूबाजूची झाडं माना डोलावताहेत. मी फळीवर हात जोडून उभी.

"इथली बेर्क आम्ही तोडत नाही," टूनने शेवटी दम खात सांगितलं. "असं ओलं बेर्कचं रान फार थोडं उरलंय. हे तिचं घर."

मी निखिलला म्हटलं, "बघ, कसा जीव लावतात झाडांना. शिका जरा." निखिल दुसरीकडे बघत होता. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

पील, शनिवार दुपारी

रान संपलं आणि एकदम आभाळ उघडलं. पुढे नुसता सपाट, ओला, तपकिरी विस्तार. आणि त्यात गुडघ्याएवढी, कमरेएवढी बर्चची रोपं, शेकड्यांनी. मला काय आनंद झाला! म्हटलं, वा, आधीच किती लावलीत यांनी. मी पिशवीतून खुरपं काढलं, शाल कमरेला बांधली आणि विचारलं, "कुठून सुरुवात करायची?"

टूनने खुरपं हातात घेतलं, धार बघितली, पात्याला टिचकी मारली. म्हणाला, छान आहे. मग शेजारच्या रोपाला बुडाशी धरलं, कंबर वाकवली आणि मुळासकट उपटून मागे फेकून दिलं.

आणि सगळेच उपटायला लागले. म्हातारे, म्हाताऱ्या, माझा मुलगा, माझी नात. इरा दोन्ही हातांनी ओढत होती आणि रोप सुटलं की मागे धपकन बसून खिदळत होती.

"निखिल!"

"आई, ऐक ना..."

"झाडांचं काम म्हणालास तू."

"झाडांचंच आहे."

"कॉलेजात होतास तेव्हा माझ्याबरोबर टेकडीवर कॅन वाहायचास. विसरलास? आणि इथे येऊन पोरीला हे शिकवतोस?"

"खरं सांगितलं असतं तर आली असतीस का?" तो म्हणाला.

मी त्याच्याशी बोलणंच बंद केलं. एका ओंडक्यावर जाऊन बसले आणि ठरवलं की आता कुणी कितीही आग्रह केला तरी हात लावायचा नाही. कुणी आग्रह केला नाही. हा डच लोकांचा एक गुण म्हणा की दोष म्हणा. आपल्याकडे माणूस रुसून बसला की चार जण समजूत काढायला येतात. इथे तुम्हाला बसायचंय तर बसा, तुमचा निर्णय. अर्ध्या तासाने मलाच थंडी वाजायला लागली.

कॉफीची शिट्टी झाली. सगळे अवजारांच्या गाड्यापाशी गेले. तिथे पत्र्याचा डबा फिरतो, प्रत्येकाने एकच बिस्किट उचलायचं, आणि डबा लगेच बंद. इराने माझं बिस्किट आणायला धाव घेतली, आणि मी एकटी उरले. समोर उपटलेल्या रोपांचा ढीग. बारीक, लालसर काटक्या, मुळं ओली, काहींना जिवंत कळ्या. मला राहवेना हो! मी वाकून चांगली चांगली बारा निवडली, ओंजळीत धरली आणि गाड्यापासून लांब, गवताच्या बुचक्यांआड गेले.

सोळा वर्षं हात जे करत आलेत तेच त्यांनी केलं. खुरप्याने फट पाडायची, मुळं मोकळी करायची, रोप ठेवायचं आणि टाचेने घट्ट दाबायचं. पहिली अकरा कडेच्या जरा टणक जागी लागली, हातहातभर अंतराने, दोरी धरल्यासारखी सरळ. बारावं लावलं आणि टाच दाबली, तर पाय थांबेचना. जमिनीने गमबूट गिळला, मग पोटरी, मग गुडघा. मी ओढते तो बूट आत राहतो आणि पाय तेवढा वर येतो. शेवटी मी मागे बसले ती सरळ पाण्यात. तेवढ्यात बिस्किट घेऊन इरा उभी.

"आजी, वात् डू ये?" म्हणजे, काय करतेयस तू? मागे टून, त्याच्या मागे निखिल.

टूनने आधी मला उठवलं. मग पोटावर आडवा होऊन हात खांद्यापर्यंत आत घातला आणि एक मोठा गुळ्ळ आवाज काढून बूट बाहेर आणला. मग त्याची नजर रोपांच्या रांगेकडे गेली. तो रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला. मला वाटलं आता रागावेल. त्याने एक शब्द उच्चारला आणि इराने हळूच सांगितलं, "तो म्हणतो, खूप नीट लावलीयत."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चिखल झाला होता म्हणून असेल.

त्याने मला ओंडक्यावर बसवलं. त्याच्या बायकोने वाटाण्याचं दाट सूप दिलं होतं. आम्ही शाकाहारी, हे इराने आधीच सांगून ठेवल्यामुळे आमच्या थर्मासमध्ये सॉसेज नव्हतं. मी डब्यातलं थालीपीठ पुढे केलं, त्याने त्यावर चीजचा काप ठेवून खाल्लं आणि "लेकर, लेकर" म्हणाला. डच माणूस 'लेकर' म्हणाला की समजायचं, रुचलं. मग त्याने एका मोठ्या रोपाच्या बुडाचं शेवाळ उपटून माझ्या हातावर ठेवलं. पिळलं तर भुगा झाला, कोरडा. दोन पावलांवरचं, जिथे रोप नव्हतं तिथलं, पिळलं तर कोपरापर्यंत पाणी ओघळलं.

"बेर्क पाणी पिते," इरा सांगत होती. "मग शेवाळ सुकतं. मग आणखी बेर्क येते. मग सगळं जातं. त्याच्या आजोबांनी इथून शेवाळ खणून नेलं, जाळायला. पाणी काढायला पाट खणले. तो आता पाट बंद करतो." ती थांबली, टूनचं ऐकलं. "तो म्हणतो, तिकडच्या रानात तीच बेर्क तो राखतो. इथे उपटतो. त्याला पण उपटायला आवडत नाही."

टूनने आणखी काही विचारलं.

"तो विचारतो, तुमच्याकडे अशी जागा आहे का, जिथे झाडं नसतात?"

"आहे ना," मी म्हटलं. "एक माळ आहे. तिथेच आम्ही झाडं लावणार आहोत."

"तो विचारतो, आत्ता तिथे काय आहे?"

"काही नाही," मी म्हणाले, आणि चष्म्यावरचा चिखल पुसायला डबी उघडली. पीस मांडीवर पडलं.

टूनने ते दोन बोटांत उचललं, उजेडात धरलं, पट्टे मोजल्यासारखं फिरवलं. मग त्या मोकळ्या, उघड्या विस्ताराकडे हात करून बराच वेळ बोलला. इरा ऐकत होती, आणि तिचे डोळे मोठे होत होते.

"आजी, त्याला वाटतं हा पक्षी त्याला माहीत आहे. नक्की नाही, पण वाटतं. याच्यासारखा इथे पण येतो, विंटरमध्ये. संध्याकाळी खूप येतात. आणि झाडावर नाही बसत, आजी. गवतात झोपतात. खाली. जिथे बेर्क मोठी झाली तिथे आता येत नाहीत." मग तिने आपणहून विचारलं, स्पष्ट मराठीत, "तू म्हणालीस तिथे काही नाही. मग हे कुठून आलं?"

मुक्ताने हेच सांगितलं होतं. शब्द न् शब्द हेच. तिला बिचारीला पाच मिनिटंही मी बोलू दिलं नाही, आणि इथे एक सुतार सांगतोय ते मी सूप पीत ऐकतेय. कारण तो परका आहे आणि मी त्याला नववीत शिकवलेलं नाही.

मग मी इराला सांगितलं तिथे काय आहे ते. दबलेला गोल. खोकडाचं बीळ. चंडोल, जो गात गात वर जातो. मेंढरं, आणि त्यांच्यामागचे धनगर. कुसळी गवत, जे साडीला चिकटतं. ती एकेक बोट मुडपत टूनला सांगत गेली. दोन्ही हात संपले.

जेवणानंतर मी उठले. बारा रोपं मीच उपटली. कुणी सांगितलं नव्हतं. अकरा सहज आली. बारावं काढताना टूनने माझी कंबर धरली आणि निखिलने टूनची. आणि एकदा हात लागल्यावर मी थांबले नाही, संध्याकाळपर्यंत ओढत होते. लावण्यापेक्षा हे सोपं असेल असं वाटलं होतं. तसं नाही. प्रत्येक रोपाला आतून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं वाटतं. निघताना टून माझं खुरपं पुन्हा बघत होता, तेव्हा ते मी त्यालाच देऊन टाकलं. त्याने मला शेवाळावरून वेचलेली, हिवाळाभर टिकलेली लाल क्रॅनबेरी दिली, मूठभर. करवंदापेक्षा आंबट. इरा आणि मी गाडीत तोंडं वाकडी करत सगळी खाल्ली.

आइंडहोव्हन, रविवार

सकाळी नऊला, म्हणजे पुण्यात दुपारी दीडला, मी आधी मोघ्यांना फोन केला. म्हटलं, नकाशा येणार नाही, जेसीबीला नको म्हणा. मग ते इतकं बोलले की मी फोन टेबलावर ठेवून चहा गाळला. कंपनीला काय तोंड दाखवायचं, गावाला काय सांगायचं, बाई तुम्हाला थंडी बाधली का. सगळं रास्त होतं. मी म्हटलं, रोपं शाळांना आणि रस्त्याकडेला देऊ, गावाला मी येऊन सांगते, दोष माझ्या नावावर टाका. ते म्हणाले, "बाई, हे तुम्ही बोलताय?" (परत आले तेव्हा गटातले चार जण सोडून गेले होते. मोघे आहेत, पण अजून नीट बोलत नाहीत.)

मग दुसरा फोन. हा लावायला जास्त वेळ लागला. नंबर काढला, ठेवला, पाणी प्यायले, पुन्हा काढला. समोर इरा पावाच्या तुकड्यावर लोणी लावून त्यावर चॉकलेटचा चुरा पेरत होती. त्यांच्याकडे हा नाश्ता समजतात.

मुक्ताने तिसऱ्या रिंगला उचलला. "बाई?" आवाजात भीती होती. मी पुन्हा रागवायला फोन केलाय असं तिला वाटलं असणार.

मी खुर्चीतून उठले. ती मला बघू शकत नव्हती, तरी उठले.

"आजी, तू उभी का राहिलीस?" इराने विचारलं.

"गप्प बस," मी म्हटलं आणि फोनमध्ये बोलायला लागले. "मुक्ता, मी उभी आहे. नीट ऐक आणि मधे बोलू नकोस. माझं चुकलं. काय चुकलं ते सांगते. माळावर काही नाही असं मी म्हणाले, ते चूक. तिथे काय आहे ते तू मला दाखवलं होतंस, मी बघितलं होतं, बघून खोटं बोलले, ते दुसरं. आणि तुला सगळ्यांसमोर खाली बसवलं, ते सगळ्यात मोठं. ते गटाच्या बैठकीत, त्याच वीस जणांसमोर, पुन्हा सांगणार आहे. जेसीबी येणार नाही. झालं."

पलीकडे रस्त्यावरच्या रिक्षेचा हॉर्न. पाय दुखत होते, कालच्या चिखलाने पोटऱ्या भरून आल्या होत्या, पण टेकवत नव्हतं. इराही खाणं थांबवून माझ्याकडे बघत होती.

मग नाक ओढल्याचा आवाज आला. आणि मुक्ता म्हणाली, "बसा, बाई."

मी बसले.